दगडातून आलेले पाहुणे कसे ओळखायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्यात वाडी भागात राहणाऱ्या एका तरुणाने तीन फुटी खाऱ्या पाण्याचा टँक लावलाय, पाणी साधारण २०० लिटर. मुंबईच्या व्यापाऱ्याकडून १५ किलो लाइव्ह रॉक, म्हणजे जिवाणू आणि बारीक जीव अंगावर असलेला प्रवाळाचा दगड, मागवला. तो ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, थर्माकोलच्या खोक्यात, रात्रीच्या गाडीने आला. दगड पाण्यात जाऊन बारा दिवस झाले. मासे अजून एकही नाहीत, दोन क्लाऊनफिश आणायचे होते ते थांबवलेत. कारण दगडातून भलतंच काही बाहेर यायला लागलंय: चार पारदर्शक तपकिरी ‘फुलं’, बोटाएवढा गुलाबी केसाळ किडा, काळ्या नांग्यांचा एक खेकडा, काचेवर पांढरे बारीक तारे आणि धावणारे ठिपके. शिवाय रात्री टक्‌ टक्‌ आवाज येतो आणि सकाळी एका दगडाखाली वाळूचा नवा ढीग दिसतो. शेवटचं वाक्य असं: ‘काका, बाबांचे एक मित्र म्हणतात की सगळे दगड पातेल्यात उकळून काढ आणि पुन्हा सुरुवात कर. करू का?’

नका करू. बाकीचं सगळं सावकाश वाचलंत तरी चालेल, पण हे आधी. लाइव्ह रॉक कधीही उकळायचा नाही, त्यावर कढत पाणी ओतायचं नाही, वाळवून कोरड्या ब्रशने घासायचा नाही. या दगडांवर पॅलिथोआ आणि झोअँथिड नावाचे जीव चिकटून येतात, शर्टाच्या बटणाएवढे, रबरी अंगाचे, मिटले की नुसत्या तपकिरी गाठी दिसतात. त्यांच्यातल्या काहींच्या अंगात पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. उकळल्याने ते मरत नाही, उलट वाफेच्या तुषारांबरोबर खोलीभर पसरतं. परदेशात असा दगड उकळल्यामुळे घरातली सगळी माणसं दवाखान्यात दाखल झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. ताप, खोकला, धाप, तोंडाला धातूची चव, हातापायांना मुंग्या, अशी लक्षणं असतात. चुकून असं काही झालंच तर खिडक्या उघडून सगळ्यांनी बाहेर पडायचं, आणि डॉक्टरांना ‘पॅलिटॉक्सिन’ हा शब्द सांगायचा, कारण सगळ्यांना तो ठाऊक असेलच असं नाही.

न उकळण्याचं दुसरं कारण म्हणजे तुम्ही पैसे दगडाचे दिलेले नाहीत, त्यातल्या जिवंतपणाचे दिलेत. हा दगड म्हणजे जुन्या प्रवाळाचा सांगाडा, कॅल्शियम कार्बोनेट, स्पंजासारखा सच्छिद्र. त्याच्या पृष्ठभागावरचे जीवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. आत खोल, जिथे प्राणवायू जेमतेम पोचतो, तिथले जीवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. तुमचा खरा फिल्टर तोच आहे. उकळलात की हातात चुनखडी उरते.

आता तुम्ही एक गोष्ट लिहिली नाहीत, ती आधी बघा: अमोनिया आणि नायट्राइट किती आहे? रात्रभराच्या प्रवासात दगडावरचे स्पंज आणि बारीक जीव बरेच मरतात, आणि ते कुजतात तसा अमोनिया चढतो. हा काळ दोन ते सहा आठवड्यांचा असतो. दोन्ही आकडे शून्यावर येऊन तिथेच टिकेपर्यंत मासे आणायचे नाहीत. आणि याच काळात हौसेने किडे मारत सुटायचंही नाही, कारण दगडाच्या आत मेलेला प्रत्येक जीव तिथेच कुजणार आहे. क्लाऊनफिश थांबवलेत हे फार उत्तम केलंत. रिकामा टँक असताना दगड बाहेर काढता येतो, हलवता येतो, सापळे लावता येतात. मासे आणि प्रवाळ बसले की यातलं निम्मं हातातून जातं.

मी बडोद्यात एकोणीस वर्षं लोकांचे खाऱ्या पाण्याचे टँक सांभाळतोय. दगडातून निघालेल्या जिवांबद्दल माझं एकच म्हणणं आहे: त्याच्या रूपावर जाऊ नका, तो खातो काय ते बघा. किळसवाणे दिसणारे बहुतेक जीव तुमच्या टँकची झाडलोट करतात. आणि या सगळ्या पाहुण्यांमध्ये जो सर्वांत देखणा, ज्याला बघून घरातली मुलं ‘फूल उगवलं!’ म्हणतात, तोच सर्वांत जास्त त्रास देतो.

बघायचं कसं, तर रात्री. टँकचा लाइट बंद करून तासभर जाऊ द्या. टॉर्चच्या तोंडावर उत्तरायणातला उरलेला लाल पतंग फाडून त्याचा दुहेरी कागद रबरबँडने बसवा. खेकडे, झिंगे अशा कवचवाल्या प्राण्यांना लाल उजेड फारसा दिसत नाही, त्यामुळे ते पळत नाहीत. खुर्ची घेऊन बसा, अर्धा तास. एक वही ठेवा: कुठल्या दगडावर, किती, काय करत होता. फोटो काढताना काचेला बाहेरून पट्टी लावा, म्हणजे आकार कळतो. ‘बोटाएवढा’ म्हणताना प्रत्येकाच्या मनातलं बोट वेगळं असतं. असे सात-आठ दिवस केलेत की निम्म्या प्रश्नांची उत्तरं वहीतच सापडतील.

आता तुमचे पाहुणे एकेक घेतो.

काचेवर धावणारे पांढरे ठिपके म्हणजे कोपेपॉड. दगडाच्या फटीत वाकड्या अंगाचे, जवळ्यासारखे उड्या मारणारे दिसले तर ते एम्फिपॉड. दोन्ही शेवाळ आणि कचरा खातात, आणि पुढे माशांचं आयतं खाद्य होतात. यांची संख्या वाढली तर आनंद माना.

पांढरे बारीक तारे बहुधा एस्टेरिना. नखाहून लहान, आणि हात एकसारखे नसतात, दोन मोठे, तीन आखूड, असं काहीतरी. कारण ते मधोमध दुभंगून वाढतात आणि तुटलेला भाग नव्याने उगवतो. बहुतेक जण काचेवरचा शेवाळी थर चाटतात. काही जाती झोअँथिड कुरतडताना दिसल्यात, म्हणून पुढे प्रवाळ लावलात तर लक्ष ठेवा आणि फार वाढले तर हाताने उचलून कमी करा. दगडाच्या भोकातून दोऱ्यासारखे बारीक, वळवळणारे हात बाहेर आलेले दिसले तर तो ब्रिटल स्टार, आणि त्याच्या अंगाला हातही लावायचा नाही. जिथे तुमचा सायफन पोचत नाही तिथलं उष्टं तो साफ करतो.

गुलाबी केसाळ किडा म्हणजे ब्रिसल वर्म. अंगाचा प्रत्येक वेढा मोजता येतो आणि प्रत्येक वेढ्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचा झुबका असतो. सगळ्यात जास्त बदनाम झालेला प्राणी हाच. मासा मेला की सकाळी हा त्याच्या अंगावर सापडतो आणि खुनाचा आळ त्याच्यावर येतो. खरं तर मासा आधी मेलेला असतो, हा फक्त आवरायला आलेला असतो. त्याची संख्या तुमच्या हातात आहे: खाद्य जास्त पडलं की वाढतो, कमी केलं की आपोआप घटतो. टँकमध्ये अचानक खूप ब्रिसल वर्म दिसायला लागले तर त्यांना पकडण्याआधी आपण रोज किती खाद्य टाकतो ते बघावं. अटलांटिकमधला बिअर्डेड फायरवर्म हा त्यातला अपवाद, तो प्रवाळ खातो. आपल्याकडे येणाऱ्या दगडांत मला नेहमी सापडतात ते साधे, कचरा खाणारेच.

पण हातमोजे घाला. ते केस काचेच्या सुयांसारखे असतात, बोटात घुसून मोडतात आणि दोन दिवस आग होते. तसं झालं तर चोळायचं नाही. चिकटपट्टी त्या जागी दाबून उलट्या बाजूने ओढायची, मग व्हिनेगर लावायचं. हातावर कापलेलं-खरचटलेलं असेल तर कोणत्याच टँकमध्ये उघडा हात घालू नये. टँकच्या पाण्यातल्या काही जीवाणूंमुळे त्वचेवर महिनोन्‌महिने न भरणाऱ्या गाठी होतात.

ब्रिसल वर्मशी ज्याची गल्लत होते तो म्हणजे युनिसिड. इथे मात्र नीट बघा. याच्या बाजूंना भरदार पांढरे झुबके नसतात, अंगावर तेलाच्या तवंगासारखी इंद्रधनुषी झाक असते, आणि डोक्यावर पाच स्पर्शिका असतात. रात्री भोकातून डोकं काढतो, उजेड पडला की रबर सोडल्यासारखा आत जातो. मोठ्या जाती शिकारी असतात. २००९ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये, न्यूकीच्या ब्लू रीफ अ‍ॅक्वेरियममध्ये प्रवाळ तुटत होते, मासे जखमी होत होते. शेवटी टँक उपसला तेव्हा दगडांत सुमारे चार फुटी किडा सापडला. तोही लहान असताना दगडातूनच आला असावा, असं तिथल्या लोकांचं मत होतं. लहान युनिसिड निरुपद्रवीही असतात, पण करंगळीहून जाड आणि झळाळणारा दिसला तर तो दगडच वेगळा काढा.

रात्रीचा टक्‌ टक्‌ आवाज. दोघंच असा आवाज काढतात: पिस्टल श्रिम्प आणि मँटिस श्रिम्प. एकाला ठेवायचं, दुसऱ्याला हलवायचं, आणि नुसत्या आवाजावरून मला तरी खात्रीने सांगता येत नाही. म्हणून आजूबाजूचा पुरावा बघायचा. पिस्टल श्रिम्प दिसायला कोळंबीसारखाच, पण त्याची एक नांगी दुसरीपेक्षा कितीतरी मोठी. ती इतक्या झटकन मिटते की पाण्यात एक पोकळ बुडबुडा तयार होतो, आणि तो बुडबुडा कोसळतानाचा तो आवाज असतो. हा खोदकाम करणारा प्राणी. दगडाखाली बीळ खणतो, वाळू बाहेर ढकलतो. मँटिस श्रिम्पचे डोळे देठावर बसवलेले आणि एकेक स्वतंत्र फिरणारे, पुढचे पाय प्रार्थनाकीटकासारखे छातीशी दुमडलेले. तो गोगलगायी आणि खेकडे फोडतो. त्याच्या बिळाबाहेर शंखांचे ताजे तुकडे पडलेले असतात.

तुमच्याकडे रोज सकाळी वाळूचा ढीग आहे, फुटलेले शंख नाहीत. माझा कौल पिस्टल श्रिम्पकडे आहे. तो राहू दे. त्याच्या काही जाती तर गोबी माशाबरोबर एकाच बिळात राहतात: झिंगा खणतो आणि मासा पहारा देतो. फक्त एक काळजी घ्या. जो दगड तो पोखरतोय तो नुसता वाळूवर टेकलेला असेल तर एक दिवस कोसळून काच फोडेल. दगड नेहमी टँकच्या तळावर बसवायचे आणि वाळू नंतर भोवती ओतायची.

उद्या शंखांचे तुकडे दिसायला लागले तर आवाज कुठल्या दगडातून येतो ते काचेला कान लावून शोधा. तो दगड रिकाम्या बादलीवर धरा आणि भोकात सिरिंजने साधा सोडा मारा, बाटलीतला, मीठ-मसाला नसलेला. आतला प्राणी काही सेकंदांत बादलीत पडतो. हे टँकच्या बाहेरच करायचं. दुसरा उपाय: टँकच्याच तापमानाचं पण जास्त खारं पाणी, घनता १.०३५ ते १.०४०, त्यात दगड एक-दोन मिनिटं बुडवून हलवा. खेकडे, किडे, मँटिस, सगळे बाहेर पडतात आणि जीवाणूंना फारसं काही होत नाही. गोड्या पाण्यात बुडवू नका, त्याने आतले चांगले जीव आतच मरतात. आणि मँटिसला हाताने उचलायचं नाही. इंग्रजीत त्याला ‘थंब स्प्लिटर’, म्हणजे अंगठा फाडणारा म्हणतात, ते अनुभवाने. त्याला मारायचीही गरज नाही. माझ्याकडे एक चार वर्षं वेगळ्या ३० लिटरच्या टँकमध्ये राहिला, आणि मी पाळलेल्या प्राण्यांत मला तो सर्वांत हुशार वाटत आलाय. खाद्याचा चिमटा कपाटातून काढला की तो बिळाच्या तोंडाशी येऊन दोन्ही डोळे माझ्याकडे रोखून बसायचा.

खेकडा. तुमच्या वर्णनावरून, केसाळ पाय, गुटगुटीत अंग, नांग्यांची टोकं काळी, हा गोरिला क्रॅबच्या कुळातला वाटतो. हा काढावा. लहानपणी शेवाळ खातो, मोठा झाला की झोपलेले मासे आणि प्रवाळ त्याला पुरतात. पण सगळे खेकडे सरसकट काढू नका. नांगीचं टोक बघा: चमच्यासारखं पसरट आणि खोलगट असेल तर तो शेवाळ खरवडणारा, टोकदार आणि जाड असेल तर मांस तोडणारा. तोंडापुढे दोन पिसांचे पंखे हलवत बसलेला चपटा खेकडा म्हणजे पोर्सिलेन क्रॅब, तो पाण्यातले कण गाळून खातो, कुणाच्या वाटेला जात नाही. आणि फांद्यांच्या प्रवाळात राहणारा गुळगुळीत, चकचकीत ट्रॅपिझिया तर त्या प्रवाळाची राखण करतो, प्रवाळ खायला आलेल्या तारामाशाला चिमटे काढून हाकलतो.

पकडायला महागडा सापळा लागत नाही. सरळ उभ्या भिंतीचा काचेचा पेला घ्या, तळाशी कोळंबीचा तुकडा ठेवा, आणि पेला दगडाला टेकून असा तिरका बसवा की दगडावरून पेल्याच्या काठावर चालत येता येईल. खेकडा वासाने येतो, काठावरून आत घसरतो आणि गुळगुळीत काचेवर त्याला चढता येत नाही. दांडिया बाजारातल्या एका घरी आम्ही असा पेला लावून बसलो होतो. साडेअकराला लाल उजेडात आधी दोन काळी टोकं काठावर दिसली. मग पाच-सात मिनिटं काहीच हललं नाही. एक पाय आत आला, पेल्याची भिंत चाचपून परत गेला. असं तीनदा झालं. चौथ्यांदा तो आत पडला तेव्हा काचेवर नखं वाजल्याचा आवाज बाहेर आम्हाला ऐकू आला. घरच्या आजींनी देवघरातून विचारलं, ‘मिळाला का रे?’ दोन महिने त्या घरात रोज एक गोगलगाय कमी होत होती.

आता ती चार ‘फुलं’. ही एप्टेशिया, काचेसारखी पारदर्शक तपकिरी समुद्रफुलं. उंच देठ, मध्ये तोंडाची चकती, भोवती सुईसारख्या टोकाचे हात, काही लांब, काही आखूड. काठीने स्पर्श करा: क्षणात भोकात नाहीशी होतात. हिची गल्लत फेदर डस्टरशी होते, पण त्या किड्याला नळी असते, पिसांचा पंखा असतो आणि मध्ये तोंडाची चकती दिसत नाही. हातांची टोकं गोळीसारखी फुगीर असतील तर ती मजानो, तिच्याशी वागायची रीत एप्टेशियाचीच. आणि हात आहेत पण खाली कडक, पांढरा, रेघारेघांचा सांगाडा आहे, असं दिसलं तर थांबा, ते प्रवाळाचं पिल्लू आहे.

एप्टेशिया डंख मारते, शेजारचं प्रवाळ जाळते, आणि वाढते फार वेगाने. सुरुवातीच्या काळात मी एका टँकमध्ये अशा सहा-सात कात्रीने कापल्या आणि काम झालं समजून घरी आलो. पावणेदोन महिन्यांनी त्या टँकमध्ये साठहून जास्त मोजल्या. तिच्या तळव्याचा नखाएवढा तुकडा दगडावर राहिला तरी त्यातून नवी उगवते. मी कापून तिची लागवड केली होती. त्या घरच्या मुलाने जमवलेलं प्रवाळ त्यात गेलं, आणि ते मला अजून लागतं. म्हणून पुन्हा सांगतो: कापू नका, खरवडू नका, चिमट्याने ओढू नका.

तुमच्याकडे चारच आहेत, हीच वेळ आहे. काल्कवासर, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, आपला विरलेला चुना. पानाच्या गादीवर असतो तो मुळात हाच, पण त्यात आणखी काय मिसळलंय ते कळायला मार्ग नसतो, म्हणून अ‍ॅक्वेरियमसाठीची पावडर घ्या. आरओच्या पाण्यात कालवून घुसळलेल्या दह्याइतकं दाट करा. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे, कारण चुना डोळ्यात गेला तर डोळा भाजतो. वेव्हमेकर, म्हणजे पाणी हलवणारा पंप, बंद. एक मिलिलिटरची इन्शुलिन सिरिंज, तिच्यावर बारीक नळी. हळूहळू जवळ जा, पाणी ढवळू देऊ नका, सावली पडू देऊ नका. टोक तोंडाच्या चकतीवर आलं की एक थेंब सोडा. ती त्याला खाद्य समजून हात मिटते आणि चुना आत ओढून घेते. मग वरून भोकासकट पूर्ण झाका. अर्धा तास पाणी स्थिर ठेवा, नंतर पांढरा गाळ सायफनने ओढा. चुन्याने पीएच चढतो, त्यामुळे २०० लिटरमध्ये एका दिवशी दोनच करा, बाकीच्या दोन परवा. आठवड्याने त्याच जागा लाल टॉर्चने पुन्हा तपासा.

पेपरमिंट श्रिम्प एप्टेशिया खातो, पण प्रत्येक जण खाईलच याची खात्री नाही, आणि त्या नावाने दुसरेच झिंगे विकले जातात. कॉपरबँड बटरफ्लायफिश खातो, पण तीन फुटी टँक त्याला लहान पडतो. नुसत्या या कामासाठी त्याला आणून उपाशी मारू नका.

अजून न दिसलेले, पण पुढच्या महिन्यांत दिसतील असे काही. पाठीवर छोटीशी चपटी शिंपली आणि खाली मोठं मऊ अंग, घाबरली की शेपूट टाकून पळणारी ती स्टोमाटेला, उत्तम शेवाळखाऊ. पाठीवर आठ पट्ट्यांचं चिलखत असलेला कायटन, तोही ठेवा. तांदळाच्या कणीएवढ्या पांढऱ्या गुंडाळ्या, अननसासारखे छोटे पांढरे स्पंज, भोकातून शेवयांसारखे पसरलेले पांढरे धागे, हे सगळे चालतील. दगडाला चिकटलेली कडक नळी जाळ्यासारखा चिकट पदार्थ सोडत असेल तर ती व्हर्मिटिड गोगलगाय. नळी मुळाशी मोडा आणि तोंड सुपरग्लूने बंद करा. हिरव्या काचेच्या गोट्यांसारखं शेवाळ दिसलं तर न फोडता, दगड बाहेर काढून, मुळासकट उचला. गंजाच्या रंगाचे चपटे किडे काचेवर वाढले तर आधी सायफनने जमतील तितके ओढून काढा. औषध नंतर, तेही विष शोषून घेणारा कार्बन तयार ठेवून, कारण ते एकदम मेले की पाण्यात विष सोडतात.

शंखांसाठी ढोबळ खूण अशी: तोंड गोल असेल तर बहुधा शेवाळ खाणारा, तोंडाच्या पुढे पन्हळीसारखी खाच असेल तर मांसाहारी. नासारियसलाही खाच असते, पण तो मेलेलं खातो, त्याला ठेवा. एक शंख मात्र कधीही हातात घ्यायचा नाही: कोन स्नेल. आइसक्रीमच्या कोनासारखा, नक्षीदार, आणि तोंड म्हणजे एका बाजूने लांबलचक अरुंद चीर. तो विषारी भाला मारतो, आणि त्याच्या काही जातींच्या डंखाने माणसं दगावल्याच्या नोंदी आहेत. लांब चिमट्याने उचलून झाकणाच्या डब्यात टाका. शंखाच्या जाड बाजूला धरलं की सुरक्षित, हा समज चुकीचा आहे.

मासे आल्यावर एखाद्या माशाच्या अंगावर तांदळाच्या दाण्याएवढा, मोठ्या काळ्या डोळ्यांचा, झपाट्याने पोहणारा किडा चिकटलेला दिसला तर तो सिरोलॅनिड आयसोपॉड. तो रक्त पितो. मासा जाळीत घेऊन लगेच चिमट्याने काढा. हात लावताच गोळी होणारा त्याचा भाऊबंद निरुपद्रवी आहे.

आता दगडाबद्दलच एक बोलायचंय, कारण पुढच्या वेळी तुम्ही विचारून घ्यावं. आपल्या देशात प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सर्वोच्च संरक्षणात आहे, २००१ पासून समुद्री काकडीही. कच्छच्या आखातातलं मरीन नॅशनल पार्क १९८२ चं आहे. बडोद्याहून नरारा-पिरोटनला सहलीला जाणाऱ्यांना ओहोटीत पायाखाली हेच दगड दिसतात, आणि कुणी कुणी पिशवीत घालून आणतं. असा दगड घेऊ नका, आणलेला दिसला तर त्या माणसाला समजावून सांगा. तुमच्या व्यापाऱ्याला हा दगड कुठून आला ते विचारा, बिल मागा. उत्तर धड नसेल तर पुढचा दगड कोरडा, मानवनिर्मित घ्या. तुमच्या या १५ किलोंच्या शेजारी ठेवलात तर काही महिन्यांत तोही जिवंत होतो, आणि त्यात नको असलेला कुणी येत नाही.

आणि काढलेला कुठलाही प्राणी किंवा शेवाळ समुद्रात, खाडीत, गटारात सोडायचं नाही. दीव-दमणला जाताना ‘बिचाऱ्याला घरी सोडू’ असं मनात येतं, मला कळतं. पण १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयासमोर भूमध्य समुद्रात कॉलर्पा शेवाळाचा एक छोटा तुकडा दिसला होता, आणि पुढे त्याने तिथले हजारो हेक्टर तळ व्यापले. खेकडा वेगळ्या बादलीत ठेवायची तयारी नसेल तर तो फ्रीझरमध्ये ठेवा आणि मग कोरड्या कचऱ्यात नव्हे, मातीत पुरा.

उन्हाळा तोंडावर आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो आणि खोलीतला टँक त्याच्या मागोमाग तापतो. पाणी २८ अंशांच्या वर गेलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, दगडातले स्पंज मरतात आणि अमोनिया पुन्हा चढतो. त्यामुळे दगड बाहेर काढायची सगळी कामं पहाटे करा, चिलर नसेल तर पाण्यावर पंखा लावा, आणि उडालेलं पाणी फक्त आरओच्या पाण्याने भरा, मिठाच्या नव्हे.

आज रात्री फक्त एवढंच करा: अमोनिया आणि नायट्राइट मोजून वहीत लिहा, दहा वाजता लाइट घालवा, आणि पेला लावा. एप्टेशियाला परवा हात घाला. पेला सकाळी उजाडायच्या आत उचला. खेकडा मिळाला तर तो पाण्यासकट पांढऱ्या वाटीत घेऊन नांग्यांचा जवळून, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा आणि मला पाठवा. टोकं काळी असूनही चमच्यासारखी पसरट निघाली, तर वर जे लिहिलंय ते मी मागे घेतो, आणि तो परत दगडावर जाईल.